एक्स्प्र : आज्ञेच्या ओळीवरचा हिशेबनीस

एका रुग्णाला ३९ अंश सेल्सिअस ताप आहे. हा ताप फॅरनहाइट अंशांत किती होईल? रीत तुम्हांला ठाऊक आहे : सेल्सिअस अंशांना ९/५ ने गुणावे आणि ३२ मिळवावेत. उत्तर १०२.२ येते. आता हाच हिशेब आपण संगणकाकडून तीन वेगवेगळ्या रीतींनी करून घेऊ. तिन्ही रीती बीजगणिताच्या दृष्टीने अगदी सारख्या आहेत. पण संगणक एकदा १०२ म्हणतो, दुसऱ्यांदा ९५ म्हणतो आणि तिसऱ्यांदा चक्क ७१! आणि तिन्ही वेळा कसलीही तक्रार न करता, सारख्याच शांतपणे. रुग्णाला चांगला ताप भरलेला असताना यंत्र तो थंड पडल्याचे सांगते. संगणक बिघडला आहे का? मुळीच नाही. त्याने सांगितले तेवढेच केले. मग घोटाळा कोठे झाला, ते शोधण्यासाठी आपण एका छोट्याशा प्रोग्रॅमची ओळख करून घेऊ.

हा प्रोग्रॅम कोठून आला?

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीची सुरुवात केली. तिच्यात माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. त्याला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. आपण कळफलकावर एक ओळ टंकित करतो, शेल ती वाचतो आणि योग्य त्या प्रोग्रॅमला कामाला लावतो.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यातील शेल स्टीफन बोर्न यांनी लिहिला होता. हा शेल मोठा हुशार होता, पण त्याला बेरीजसुद्धा येत नव्हती! युनिक्सचे तत्त्वच असे की एका प्रोग्रॅमने एकच काम करावे, पण ते नीट करावे. म्हणून हिशेबाचे काम एका वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवलेले होते. त्याचे नाव ‘एक्स्प्र’. ‘एक्स्प्रेशन’ म्हणजे पदावली. त्या शब्दाचे हे संक्षिप्त रूप. इंग्रजी ई, एक्स, पी, आर ही चार अक्षरे टंकित केली की तो धावून येतो. आजही लिनक्स किंवा मॅक संगणकावर तो असतोच. शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर टर्मिनलची खिडकी उघडून पुढचे सारे प्रयोग तुम्हांला करता येतील.

एक सूचना मात्र आधीच लक्षात ठेवा. या लेखात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकित करा. एक्स्प्रला फक्त इंग्रजी आकडेच आकडे म्हणून ओळखता येतात. देवनागरी १ आणि १ यांची बेरीज सांगितलीत, तर ‘हा पूर्णांक नव्हे’ अशी तक्रार तो करील.

पहिला प्रयोग : जागा सोडण्याचे महत्त्व

ही आज्ञा देऊन पाहा :

एक्स्प्र २ + ३

पडद्यावर ५ उमटेल. आता मधल्या जागा काढून टाका :

एक्स्प्र २+३

या वेळी उत्तर येते २+३! म्हणजे जे दिले तेच परत. हे का घडले?

शेल ओळ वाचतो तेव्हा मोकळ्या जागा पाहून तिचे शब्द पाडतो. पहिल्या ओळीत एक्स्प्रच्या हाती तीन सुटे शब्द पडले : २, + आणि ३. दुसऱ्या ओळीत एकच शब्द पडला : २+३. एक्स्प्र शब्दाच्या पोटात डोकावून चिन्हे शोधत नाही. त्याला तो नुसता एक मजकूर वाटला. आणि एकट्या मजकुराची किंमत म्हणजे तो मजकूरच. म्हणून तो जसाच्या तसा परत आला.

गुणाकाराची गंमत

आता ६ गुणिले ७ करू. संगणकावर गुणाकारासाठी चांदणीचे चिन्ह वापरतात.

एक्स्प्र ६ * ७

उत्तर ४२ यायला हवे. पण बहुधा ‘वाक्यरचना चुकली’ अशा अर्थाचा संदेश येईल. याला कारण आपला दुभाषा! शेलच्या भाषेत चांदणीचा अर्थ ‘या फोल्डरमधील सर्व फायली’ असा आहे. त्यामुळे शेल चांदणी काढून तिच्या जागी सगळ्या फायलींची नावे भरतो आणि मग ओळ एक्स्प्रच्या हाती देतो. बिचाऱ्या एक्स्प्रला चांदणी दिसतच नाही. त्याला दिसते ते ६, मग फायलींच्या नावांची रांग आणि शेवटी ७.

फोल्डर अगदी रिकामे असेल तर? तर बॅशसारखे नेहमीचे शेल चांदणी तशीच ठेवतात आणि उत्तर बरोबर ४२ येते. म्हणजे एकच आज्ञा एका फोल्डरमध्ये चालते आणि दुसऱ्यात चालत नाही. याहून मोठी गंमत अशी की, एखाद्या फोल्डरमध्ये एकच फाईल असेल आणि तिचे नाव + असे असेल, तर ६ * ७ चे उत्तर येईल १३! शेलने चांदणीच्या जागी + भरले आणि एक्स्प्रने इमानाने बेरीज केली.

यावर उपाय सोपा आहे. चांदणीच्या आधी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, द्यावी :

एक्स्प्र ६ \* ७

‘पुढच्या चिन्हाला हात लावू नकोस, ते आहे तसेच पुढे पाठव’ असे त्या रेघेने शेलला बजावलेले असते. कंस आणि तुलनेची चिन्हे यांच्याआधीही ही रेघ हवी. ती विसरून ‘एक्स्प्र ५ > ३’ अशी आज्ञा दिलीत तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. पण नंतर फोल्डर पाहाल तर त्यात ‘३’ नावाची एक नवी फाईल दिसेल आणि तिच्यात ५ हा आकडा असेल. कारण > या चिन्हाचा शेलच्या भाषेतील अर्थ ‘उत्तर पुढील नावाच्या फाईलमध्ये लिही’ असा आहे. त्या नावाची फाईल आधीच असेल, तर तिच्यातला जुना मजकूर पुसला जातो. तेव्हा हा प्रयोग रिकाम्या फोल्डरमध्येच करावा.

आधी काय, मग काय?

एक्स्प्र २ + ३ \* ४

याचे उत्तर १४ येते, २० नव्हे. म्हणजे गुणाकार आधी करायचा हे एक्स्प्रला ठाऊक आहे. पण त्याला तर शब्द एकामागून एक, डावीकडून उजवीकडे मिळतात. मग तो हे कसे साधतो?

अशी कल्पना करा की एका कचेरीत तीन कारकून एकापलीकडे एक बसले आहेत. पहिला फक्त बेरीज-वजाबाकी जाणतो, दुसरा फक्त गुणाकार-भागाकार आणि तिसरा फक्त सुटी संख्या उचलून देतो. पदावली पहिल्याकडे येते. तो स्वतः संख्या उचलत नाही. दुसऱ्याला म्हणतो, ‘मला एक किंमत द्या.’ दुसरा तिसऱ्याकडे मागतो. तिसरा २ देतो. दुसरा पुढचे चिन्ह पाहतो. ते + आहे. ते त्याच्या अखत्यारीतले नाही. म्हणून तो २ तसेच पहिल्याला देतो. पहिला + पाहतो, ‘हे माझे काम’ असे म्हणतो आणि दुसऱ्याकडे आणखी एक किंमत मागतो. दुसरा तिसऱ्याकडून ३ घेतो. पण आता पुढे गुणाकाराचे चिन्ह आहे आणि ते त्याच्याच कामाचे आहे! तो तिसऱ्याकडून ४ मागून घेतो, गुणाकार करतो आणि १२ पहिल्याला देतो. पहिला २ आणि १२ यांची बेरीज करून १४ सांगतो.

आणि कंस आला तर? तिसऱ्या कारकुनाला संख्येऐवजी कंस दिसला, की तो कंसातली पदावली पुन्हा पहिल्याकडेच पाठवतो आणि तिची किंमत येईपर्यंत थांबतो. कंसात कंस कितीही असोत, या युक्तीने ते सारे सुटतात. लिनक्सवरील एक्स्प्र खरोखरच असा बांधलेला आहे. मात्र त्यात तुलनेचे आणि मजकुराचे धरून आणखी काही कारकून आहेत.

तापाचे कोडे सुटले

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. एक्स्प्रला केवळ पूर्णांकच समजतात. ‘एक्स्प्र ७ / २’ याचे उत्तर तो ३ सांगतो. उरलेला अर्धा सोडून देतो. बाकी हवी असेल तर ती ‘एक्स्प्र ७ % २’ असे विचारून वेगळी मिळवावी लागते. २.५ सारखा दशांश अपूर्णांक दिलात, तर तो हिशेब करायलाच नकार देतो.

आता तिन्ही रीती तपासू :

एक्स्प्र ३९ \* ९ / ५ + ३२

येथे आधी ३९ गुणिले ९ म्हणजे ३५१. त्याला ५ ने भागून ७०. त्यात ३२ मिळवून १०२. फक्त शेवटचे ०.२ हरवले.

एक्स्प्र ३९ / ५ \* ९ + ३२

येथे ३९ ला आधीच ५ ने भागले. ७.८ यायला हवे होते, पण हाती ७ च आले. ०.८ गेले ते गेलेच. पुढे त्या तोट्याला ९ ने गुणले गेले. ६३ अधिक ३२ बरोबर ९५.

एक्स्प्र ९ / ५ \* ३९ + ३२

येथे तर ९ भागिले ५ बरोबर १ झाले. मग ३९ अधिक ३२ बरोबर ७१.

शाळेत तुम्ही ‘कंचेभागुबेव’ हा नियम पाठ केला आहे : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यात भागाकार गुणाकाराच्या आधी येतो. कागदावर आपण अपूर्णांक जसाच्या तसा सांभाळतो, म्हणून ३९ × ९ ÷ ५ यात आधी भागले काय नि आधी गुणले काय, उत्तर एकच येते. एक्स्प्र मात्र भागाकार आणि गुणाकार यांना समान मान देतो आणि डावीकडे जो आधी येईल तो आधी करतो. शिवाय प्रत्येक भागाकारात अपूर्णांक टाकून देतो. म्हणून येथे क्रमाला महत्त्व येते. धडा असा : पूर्णांकांचा हिशेब असेल तेव्हा आधी गुणा, भागाकार शक्य तितका शेवटी करा.

०.२ सुद्धा हवे असेल तर? तर अंशांऐवजी अंशाच्या दहाव्या भागात मोजा :

एक्स्प्र ३९ \* ९० / ५ + ३२०

उत्तर १०२२ येते. म्हणजे १०२२ दशांश-अंश, अर्थात १०२.२ अंश. रुपयांऐवजी पैशांत हिशेब करून अपूर्णांक टाळावा, तशीच ही युक्ती आहे.

मजकुराचे गणित

एक्स्प्र आकड्यांबरोबर मजकुराचीही पदावली सोडवतो. दोन गोष्टींची तुलना केली, तर खरे असल्यास तो १ आणि खोटे असल्यास ० सांगतो.

एक्स्प्र १० \< ९

याचे उत्तर ०, कारण १० हे ९ पेक्षा लहान नाहीत. पण दोन तुकड्यांची नावे १०ब आणि ९ब अशी आहेत असे समजा (टंकित करताना १० आणि ९ यांना इंग्रजी बी जोडा) :

एक्स्प्र १०ब \< ९ब

आता उत्तर १! दोन्ही बाजूंना पूर्णांक असतील तरच एक्स्प्र संख्या म्हणून तुलना करतो. नाहीतर शब्दकोशातल्याप्रमाणे पहिल्या अक्षरापासून लावतो. त्या क्रमात १ हे ९ च्या आधी येते, म्हणून १०ब लहान ठरले. याच कारणाने ‘००७ = ७’ याला तो खरे म्हणतो, कारण दोन्ही पूर्णांक आहेत. पण ‘७ = ७.०’ याला खोटे म्हणतो, कारण ७.० हा त्याच्या लेखी पूर्णांक नव्हे, नुसता मजकूर आहे. अवतरणचिन्हांत "७" लिहून ‘हा मजकूर समज’ असेही त्याला सांगता येत नाही. ती चिन्हे शेल आधीच काढून घेतो.

मजकुराशी नमुना जुळवून पाहण्यासाठी विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आहे. नमुन्यात एका टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’. तेव्हा :

एक्स्प्र १९४७-०८-१५ : '\(....\)'

ही आज्ञा तारखेतील पहिली चार अक्षरे, म्हणजे १९४७, काढून देते. उलट्या अवतरणचिन्हांत एखादी आज्ञा लिहिली, की शेल आधी ती चालवतो आणि तिचे उत्तर त्या जागी ठेवतो. म्हणून

एक्स्प्र `एक्स्प्र १९४७-०८-१५ : '\(....\)'` + १००

याचे उत्तर २०४७ येईल. आधी मजकूर कापला, मग त्यातून आलेल्या आकड्यावर हिशेब केला.

नमुन्यात टिंबानंतर चांदणी दिली तर तिचा अर्थ ‘कितीही अक्षरे’ असा होतो आणि जुळलेल्या अक्षरांची संख्या मिळते. आता एक मराठी शब्द मोजू :

एक्स्प्र पुणे : '.*'

हा शब्द मात्र देवनागरीतच टंकित करा. आपल्या दृष्टीने अक्षरे दोन : पु आणि णे. पण लिनक्सच्या आजच्या आवृत्त्या युनिकोड व्यवस्थेत ४ सांगतात. युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि मात्रा ही चार स्वतंत्र चिन्हे आहेत. संगणकाची भाषा-व्यवस्था जुनी, साधी असेल तर उत्तर १२ येते. कारण नेहमीच्या साठवण-पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते आणि तेथे बाइटच मोजले जातात. २, ४ आणि १२! तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत. एखाद्या अर्जावर नावासाठी ठरावीक ‘अक्षरे’ दिलेली असतात, तेव्हा मराठी नाव मध्येच का तुटते, याचे एक कारण येथे सापडते.

आज त्याची गरज आहे का?

पूर्वी शेलच्या प्रोग्रॅममध्ये मोजणी एकाने वाढवायची असली तरी एक्स्प्रला बोलवावे लागे. प्रत्येक बेरजेसाठी एक नवा प्रोग्रॅम सुरू करायचा, एक आकडा घ्यायचा आणि तो बंद करायचा, यात वेळ जाई. १९८३ साली डेव्हिड कॉर्न यांचा शेल आला; त्याला स्वतःला अंकगणित येत होते. १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात दुहेरी कंसांत हिशेब करण्याची सोय सर्व शेलांसाठी ठरली. त्यामुळे नव्या लिखाणात एक्स्प्रची गरज कमी झाली. तरी जुने असंख्य प्रोग्रॅम त्याच्यावर चालतात आणि ते वाचता यायला हवेत. शिवाय नव्याचेही स्वतःचे खाचखळगे असतात. ०१० मध्ये १ मिळवा असे एक्स्प्रला सांगितले तर तो ११ म्हणतो; बॅश शेलचे दुहेरी कंस ९ म्हणतात, कारण आरंभी शून्य असलेली संख्या ते अष्टमान पद्धतीची समजतात!

मित्रांनो, यंत्राने चूक आहे असे सांगितले तर ते बरे; आपण सावध होतो. धोका असतो तो ७१ सारख्या उत्तरात. ते नीटनेटके दिसते, तक्रार करत नाही आणि साफ चुकीचे असते. म्हणून संगणकाला विचारण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे, याचा अंदाज मनाशी बांधावा. अंगात ताप असलेल्या माणसाचे तापमान ७१ अंश असणार नाही, हे एक्स्प्रला कधीच कळणार नाही. ते तुम्हांला कळले पाहिजे.

करून पाहा

१. ‘एक्स्प्र १० - ३ + २’ याचे उत्तर ५ येईल की ९? आधी कागदावर लिहा, मग तपासा.

२. दहा लाख सेकंद म्हणजे किती दिवस, तास, मिनिटे आणि सेकंद? केवळ / आणि % ही चिन्हे वापरून काढा. एका दिवसात ८६४०० सेकंद असतात.

३. ‘एक्स्प्र \( ३ - २० \) / ५’ आणि ‘एक्स्प्र \( ३ - २० \) % ५’ यांची उत्तरे काढा. भागाकार गुणिले ५ अधिक बाकी बरोबर उणे १७ येते का, ते पाहा.

४. तुमचे नाव देवनागरीत टंकित करून त्यातील चिन्हे मोजा. जोडाक्षर असेल तर संख्या कशी बदलते?

उत्तरे : (१) ९, बेरीज आणि वजाबाकी यांना समान मान आहे. (२) ११ दिवस, १३ तास, ४६ मिनिटे, ४० सेकंद. (३) –३ आणि –२. होय, ताळा जुळतो. (४) याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे. मात्र जोडाक्षरात पाय मोडण्याचे चिन्हही मोजले जाते, हे ध्यानात ठेवा.